अपूर्ण अर्जाचे व्याकरण

गेल्या वर्षी आमच्या घरातील एक परीक्षा झाली नाही. इतर हजारोंची ठरल्या दिवशी झाली. आमच्यातील एकीची तेवढी राहिली. तिचे शुल्क संबंधितांना मिळाले होते, अर्ज मात्र मिळाला नव्हता. परीक्षेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. नाव दिले की लेखाची तक्रार होते, आणि चूक प्रथमतः आमची होती हे आम्हांला मान्य आहे. तरीही त्या चुकीत भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे काही आहे असे वाटल्यावरून हे टिपण.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. नागपूर विद्यापीठातून एकाच वर्गात बसून एम.ए. झालो, पुढे संसारही एकत्र मांडला. आमच्यातील एकाने त्याच सुमारास सेट उत्तीर्ण केली आणि तो एका महाविद्यालयात कायम झाला. एकीची परीक्षा थोडक्यात हुकली. मग मूल, मग घरातले आजारपण, मग पीएच.डी.ची नोंदणी. या सगळ्या काळात ती शिकवतच होती. तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्याने मुलाखत देऊन. आज आम्ही दोघेही पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. एकाच कवितेवर एकाच आठवड्यात दोन महाविद्यालयांत शिकवतो. एकाला त्याचे वेतन मिळते, एकीला मानधन.

नियमही मध्यंतरी स्थिर नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली. ती मुदत १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली आणि तो दिवस आला तेव्हा अटच मागे घेण्यात येऊन नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरली. प्रबंधाच्या भरवशावर परीक्षा बाजूला ठेवणाऱ्या अनेकांप्रमाणे आमच्यातील एकीनेही पुन्हा परीक्षेची पुस्तके काढली. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची वरची मर्यादा नाही, हा एक दिलासा होता. रामदासपेठेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात, आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, तिने चार महिने अभ्यास केला.

अर्जाची शेवटची तारीख मे महिन्यातली होती. रामदासपेठेत दवाखाने आणि औषधांची दुकाने इतकी, की रात्री उशिरापर्यंत रस्ता जागा असतो. घरात कूलरचा आवाज त्यात मिसळतो. तिच्यासमोर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, म्हणून अर्ज भरायला तो बसला. छायाचित्र हव्या त्या आकारात बसवले, सहीची प्रतिमा तीनदा नाकारली जाऊन चौथ्यांदा स्वीकारली गेली, परीक्षाकेंद्र निवडले. शेवटी शुल्क. तिच्या फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक तिने आतून मोठ्याने वाचून दाखवला, त्याने तो टंकला. बँकेचे ‘व्यवहार यशस्वी’ हे पान उमटले आणि तिच्या फोनवर पैसे गेल्याचा संदेश आला.

आतून प्रश्न आला, ‘‘झालं?’’

बाहेरून उत्तर गेले, ‘‘झालं.’’

झाले नव्हते. शुल्कानंतर आणखी एक पान होते. त्यावर ‘वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करते’ अशा अर्थाचे एक वाक्य, त्यासमोर एक रिकामा चौकोन आणि खाली अंतिम सादरीकरणाची कळ होती. त्या पानापर्यंत आमच्यापैकी कोणीच गेले नाही. प्रवेशपत्रे निघाली त्या दिवशी कळले, की अर्ज ‘अपूर्ण’ या अवस्थेत दीड महिना पडून होता. आम्ही सविस्तर पत्र लिहिले, पैसे गेल्याचा पुरावा जोडला. उत्तर दोन ओळींचे आले: अंतिम सादरीकरण न झालेले अर्ज विचारात घेतले जात नाहीत; भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत केले जात नाही. माहितीपुस्तिकेत हे खरोखरच छापलेले होते. उत्तरपत्रिकेवरच्या सूचना न वाचणाऱ्या मुलांवर आम्ही वीस वर्षे रागावत आलो आहोत. ती पुस्तिका आम्ही वाचली नव्हती.

पुढचे काही दिवस घरात बोलणे कमी होते. त्याने चूक कबूल केली, आणि तिने ‘मीही विचारायला हवं होतं’ असे म्हटले. दोन्ही खरे होते आणि दोन्हींचा उपयोग नव्हता. गेलेली रक्कम तिच्या दोनेक तासिकांच्या मानधनाएवढी होती. रक्कम विसरता येते. चार महिन्यांचा अभ्यास आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यासाठी गोळा केलेले धैर्य यांचा हिशेब मात्र कोणत्याच पावतीवर नसतो.

सवयीने आम्ही त्या संध्याकाळच्या संवादाकडे भाषेचे शिक्षक म्हणून पाहू लागलो. ‘झालं’ या आपल्या क्रियापदाला कर्ता लागत नाही. जेवण झालं, लग्न झालं, अर्ज झाला. कोणी केले हे सांगावे लागत नाही, आणि घर एकत्र चालण्यासाठी ही सोय फार उपयोगी पडते. त्याने ‘झालं’ म्हटले ते पैशांविषयी. तिने ऐकले ते अर्जाविषयी. शेवटच्या पानावरचे वाक्य मात्र कर्त्यावाचून उभेच राहत नव्हते. तेथे ‘मी’ हवा होता, आणि आम्ही तो अर्ज ‘आम्ही’ म्हणून भरत होतो.

योगायोग असा, की त्याच अभ्यासात जे. एल. ऑस्टिन येऊन गेला होता. त्याने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ या नावाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये माहिती देत नाहीत. ती उच्चारणे हीच कृती असते, हे त्याचे म्हणणे आपण वर्गात शिकवतो. ‘मी जाहीर करते’ हे त्याच जातीचे वाक्य. अशी कृती घडण्यासाठी विहित पद्धत बिनचूक आणि पूर्णपणे पार पडावी लागते, असे तो सांगतो. पूर्णतेची अट तो वेगळी नोंदवतो आणि तिच्यासाठी पैजेचे उदाहरण घेतो. मी पैज लावतो म्हटले, पण समोरच्याने ती स्वीकारली नाही, तर पैज लागलीच नाही. कृती अर्ध्यावर राहिली म्हणजे ती निष्फळ ठरली.

येथपर्यंत संबंधित कार्यालय आणि ऑस्टिन यांच्यात मतभेद नाही. घोषणा झाली नाही, म्हणून अर्ज झाला नाही. पण पैज लागलीच नसेल, तर डावावर ठेवलेले पैसे कोणाचे? पारावर बसलेली माणसेही ते परत देतील. आमच्या बाबतीत एकाच न घडलेल्या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला: परीक्षेला बसू देण्यापुरता अर्ज अस्तित्वात नव्हता आणि शुल्क ठेवून घेण्यापुरता तो होता. आमचा आक्षेप एवढाच आहे. शिस्तीबद्दल तक्रार नाही, विसंगतीबद्दल आहे.

कायद्याकडे पाहावे, तर तेथेही फारसा आधार नाही. बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, की परीक्षा घेणारे मंडळ ‘सेवा’ देत नाही, परीक्षार्थी ग्राहक नव्हे आणि परीक्षा शुल्क हा सेवेचा मोबदला नव्हे. परीक्षेत सहभागी होण्यासाठीचा तो आकार आहे. ग्राहक मंचाची वाट त्यामुळे बंद होते. मग सहभागच मिळाला नाही तर आकार कशाचा, हा आमच्यासारख्यांचा भाबडा प्रश्न उरतो.

उलट बाजूची दोन प्रकरणे अलीकडची आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे शुल्क कार्डाच्या व्यवहारातील अडचणीमुळे मुदतीत पोचले नाही. उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश देण्यास सांगितले. २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळालेल्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या पित्याच्या मुलाला १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने त्याचीही जागा राखली. दोन्ही वेळा राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाचा, म्हणजे पूर्ण न्यायासाठीच्या विशेषाधिकाराचा, आधार घ्यावा लागला. दोघांची सर्व पाने भरली होती, पैसे राहिले होते. आमचे पैसे पोचले होते, पान राहिले होते. एका रिकाम्या चौकोनासाठी १४२ वे कलम मागायला कोणी दिल्लीला जात नाही, जाऊही नये. पण साधी माणुसकी दाखवायला देशातील सर्वोच्च पीठ लागावे, हे खालच्या सर्व खिडक्यांविषयी काही सांगते.

खिडकी हा शब्द सहज आला. आमच्या विद्यार्थिदशेत अर्ज खिडकीवर द्यावा लागे, सोबत बँकेचा धनाकर्ष. रांग लांब, आतला बाबू खेकसणारा. पण तो कागद उलटून पाही आणि ‘सही राहिली, कर इथेच’ म्हणून पेन पुढे सरकवी. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच रांगांपायी खेड्यांतल्या मुलांचे दिवस वाया जात. तरीही अपूर्ण कागदाला ‘तू अपूर्ण आहेस’ हे वेळेत सांगणारे कोणीतरी तिथे होते. आमच्या अर्जाने दीड महिन्यात एकदाही तसा आवाज दिला नाही. पैसे गेल्याचा संदेश मात्र क्षणात आला होता.

हे लिहिताना एक गोष्ट आठवली आणि लेखणी अडली. काही वर्षांपूर्वी भिवापूरकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेचे शुल्क कार्यालयात भरले, पण ऑनलाइन अर्ज पुढे पाठवायचा राहिला. ती विभागात आली तेव्हा आमच्यातील एकाने तिला सांगितले, ‘‘सूचना फलकावर लावली होती.’’ ती म्हणाली, ‘‘पण सर, पैसे तर भरले ना.’’ तेव्हा ते अडाणीपणाचे वाटले होते. तिचे सहा महिने गेले, शुल्कही गेले, आणि आम्ही त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे जेवलो. ऑस्टिन न वाचता तिने तोच प्रश्न विचारला होता. तो ऐकू यायला आमचे पैसे जावे लागले.

यंदा अर्ज पुन्हा निघाला. या वेळी तो तिने स्वतः भरला, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्याकडे होता. त्याने आतून विचारले, ‘‘झालं?’’ ती म्हणाली, ‘‘केलं.’’

निकाल काय लागेल ते लागो. महाविद्यालयात मात्र आम्ही दोघांनीही, आपापल्या विभागात, एक बदल केला आहे. अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तासभर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला फोनवर अर्जाचे शेवटचे पान उघडायला लावतो. परवा तेरा मुलांपैकी चौघांचे चौकोन रिकामे होते. चौघांचेही पैसे भरून झालेले होते.