तात्यांची चूक नव्हती

गणपतीच्या तोंडावर गावच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज फिरला. अॅम्ब्युलन्सची बॅटरी गेली, घरटी शंभर रुपये द्यावेत. दोन वर्षांत ही तिसरी बॅटरी. खाली कुणीतरी लिहिलं, "नवा ड्रायव्हर पण तात्यांसारखाच दिसतोय, लाइट चालू ठेवून घरी जातो." त्यावर सतरा हसणारे चेहरे. ते सतरा चेहरे बघून हे लिहायला बसलो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी तरी पूर्ण वाचा.

मला तुम्ही ओळखता. स्टँडमागं वायरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. आणि आधी हे सांगतो की त्या गाडीची पहिली नवी बॅटरी मीच विकली. मंडळाची दोन पोरं आली, म्हणाली बॅटरी उतरते, नवी द्या. मी जुनी तपासली, खरंच गेलेली होती. नवी बसवली, बिल दिलं, पोरं गेली. गाडी चार्जिंग करते का, हे बघितलं नाही. लगीनसराई होती, दुकानापुढं गाड्यांची रांग होती. पाच मिनिटांचं काम होतं, केलं नाही.

ती बॅटरी सात महिन्यांत बसली. कंपनीनं वॉरंटी नाकारली, म्हणे बॅटरी सतत उतरलेल्या अवस्थेत वापरली आहे. खरं होतं ते. मग दुसरी बाहेरून आणली. पावती फाटली, हिशोबात नोंद झाली, आणि बॅटरी का बसते हे विचारायचं राहूनच गेलं. आपल्याकडं वस्तूला पैसे मिळतात. तपासणीचे तीनशे रुपये मागितले की "फक्त मीटर लावायचे तीनशे?" असं ऐकून घ्यावं लागतं.

जुलैतली ती रात्र सगळ्यांना माहीत आहे. पाऊस कोसळत होता, बाळंतीण गाडीत, तिची सासू सोबत. वाडीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता कसा आहे ते वेगळं सांगायला नको, पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर गाडी जात नाही. पन्नासेक मिनिटं झाली तसा वायपर जड चालायला लागला, हेडलाइट पिवळी पडली आणि फाट्याच्या अलीकडं इंजिनच बंद. डिझेल गाडीला बॅटरी लागत नाही असं पुष्कळांना वाटतं. पण या गाडीच्या पंपावर सोलेनॉइड आहे, त्याला करंट मिळाला नाही की डिझेल बंद. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोत बाईला चढवलं आणि पोरगी कॅनांच्या मधेच जन्मली. दोघी सुखरूप आहेत. दुसऱ्या आठवड्यात मंडळानं मीटिंग घेतली आणि तात्यांना काढलं. कारण काय, तर रात्री लाइट चालू ठेवतात.

तात्यांनी मीटिंगमध्ये एकच गोष्ट सांगितली होती. चावी फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, तो या गाडीत लागतच नाही. त्यावर सगळे हसले. दिवा लागत नाही म्हणजे फॉल्ट नाही, मग तक्रार कसली? हीच गोष्ट तात्या त्याआधी मलाही बोलले होते, दुकानात चहा पिताना. मी हो हो म्हटलं आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला पाहिजे होतं.

तिसऱ्या बॅटरीचा मेसेज आला त्या रविवारी मी मीटर घेऊन गेलो. गाडी देवळाच्या उतारावरच उभी होती. तात्या ती नेहमी तिथंच लावायचे आणि लोक चेष्टा करायचे. अहो, सेल्फ घेणार नाही हे त्या माणसाला माहीत होतं, म्हणून तो गाडी ढकलून चालू होईल अशा जागी लावत होता.

बॅटरीला मीटर लावला, 11.8 व्होल्ट. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी. ही जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी पट्टा बघितला, ताण ठीक. टर्मिनल घासले, इंजिनची अर्थिंगची पट्टी खोलून साफ केली. गाडी चालू केली. आता मीटर 13.8 ते 14.5 च्या मधे यायला पाहिजे. तो 12.3 वर थांबला, आणि लाइट लावल्यावर हळूहळू खाली. म्हणजे डायनामो काही देत नाही. (अल्टरनेटर म्हणा, पण आमच्याकडं डायनामोच म्हणतात.)

मग रेस दिली. मीटर उडी मारून 14.1 वर गेला. रेस सोडली तरी तिथंच राहिला.

इथंच सगळे फसले. गॅरेजला गाडी नेली की मेकॅनिक आधी रेस देतो, मग मीटर लावतो, 14 दिसतात, "डायनामो ओके, बॅटरी बदला." मी गाडी बंद करून परत चालू केली, पुन्हा 12.3.

कारण असं. डायनामोच्या आत फिरणारा रोटर हा चुंबक असावा लागतो, आणि त्याला चुंबक बनवायला सुरुवातीला थोडासा करंट बाहेरून द्यावा लागतो. या गाडीत तो करंट त्या लाल दिव्यातून जातो. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा लागतो, आणि डायनामो करंट द्यायला लागला की विझतो. दिव्याचा बल्ब उडाला की तो रस्ताच तुटतो. मग रोटरमध्ये उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर डायनामो जागा होतो, पण इंजिन जोरात फिरलं तरच. हायवेला लागलात तर चार्जिंग होईल, वाडीच्या रस्त्यावर नाही. आणि चार्जिंग होत नाही हे सांगणारा दिवाच गेलेला.

मीटरचं पॅनेल खोललं. बल्बची तार तुटलेली होती. नवा वीस रुपयांचा. बसवला, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन चालू केलं, विझला. रेस न देता 13.9.

आता जुलैच्या रात्रीचा हिशोब करा. दोन हेडलाइट म्हणजे 10 अँपियर, त्यात वायपर, ब्लोअर, वरचा फिरता दिवा, आतले दिवे. 25 अँपियरच्या जवळ जातं. पन्नास मिनिटांत वीसेक अँपियर-तास. 80 ची बॅटरी पावच भरलेली असेल तर बरोबर फाट्याच्या अलीकडं संपते. शिवाय शिसाची बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ती कायमची जाते. म्हणजे दोन्ही वेळा बॅटरी खराब होती हे खरंच होतं. पण ती खराब झालेली होती, केलेली होती, तात्यांनी नव्हे.

एक जाता जाता. गाडी चालू असताना टर्मिनल काढून "बंद पडत नाही म्हणजे डायनामो चांगला" हे करू नका, माझ्या उस्तादांनी जुन्या गाड्यांवर शिकवलं होतं म्हणून मीही करायचो. अल्टरनेटरचे डायोड उडतात त्यानं, नव्या गाडीत तर आणखी महाग पडतं.

तिसरी बॅटरी लागणार आहे, दुसरी वाचत नाही, दोन दिवस बघितली. ती मी माझ्याकडून देतोय, वर्गणी गोळा झाली असेल तर ज्याची त्याला परत करा. मंडळातल्या कुणावर माझा राग नाही, त्यांनी गाडी चालवायला घेतली म्हणून ती आहे तरी.

तात्यांकडं काल जाऊन आलो. सगळं सांगितलं, बल्ब दाखवला. त्यांनी तो कानाशी हलवून बघितला, आतली तार वाजते का ते. म्हणाले, "अरे, मी सांगितलं होतं तुला." मी म्हटलं, हो तात्या, सांगितलं होतंत.

येत्या रविवारी सकाळी दहाला देवळापाशी मंडळाची बैठक आहे. मी मीटर आणि तो जुना बल्ब घेऊन येतोय. ते सतरा जणही या.