साखर राखणारे काटे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि मग गाळप संपेपर्यंत कारखाना झोपत नाही. इन्स्ट्रुमेंट विभागात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला त्या काळात स्वतःच्या घरापेक्षा मिलची घरघर जवळची वाटते. मला तरी वाटायची.

साखर तयार होते ती उसातच, शिवारात. कारखान्यातलं काम सगळं राखणीचं. मिलमधून येणारा रस आंबट असतो. तसाच तापवला, तर साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि गेलेली साखर परत येत नाही. चुना जास्त पडला, तर रस काळवंडतो. म्हणून चुन्याचं पाणी आणि गंधकाचा धूर यांचा मेळ घालून रसाचा पीएच 7 च्या आसपास ठेवायचा. तो मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड तापलेल्या रसाच्या सोबतीला असतो आणि त्याच्यावर हळूहळू क्षारांचा थर चढतो. तार तुटली तर लगेच कळतं, कारण सिग्नल 4 मिलिअँपिअरपासून सुरू होतो; शून्य आलं की समजायचं, बिघाड आहे. थर चढलेला इलेक्ट्रोड मात्र बंद पडत नाही. खोटा आकडा तो खऱ्याच्याच थाटात दाखवतो. त्याला ऍसिडने धुवायचं, बफरच्या द्रावणात तपासायचं, आणि तेही मध्यरात्री, कुणी बघत नसताना.

पुढे साखर शिजते त्या पॅनमध्ये निर्वात असतो, त्यामुळे पाक 65-70 अंशांनाच उकळतो आणि करपत नाही. तिथला पॅनमन नमुना काढून काचेवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, अंगठा आणि बोटात तार ओढून बघतो. दाणा कधी धरला, हे त्याला कळतं. मीटर थकत नाही, हे मीटरचं बळ. पण कुठल्या आकड्यावर थांबायचं, ते आधी त्या पॅनमनला विचारूनच ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

ही राखण शेवटी शेतकऱ्यासाठी. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, आणि शेतकरी साखरेचा मालक झाला. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, साखर उताऱ्याशी बांधलेली आहे; नळीत हरवलेली साखर त्याच्याच घरातून जाते. इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्या पोरांनो, एक हंगाम तरी कारखान्यात काढा, आणि रात्रपाळीला इलेक्ट्रोड स्वतःच्या हाताने धुवा.