रॉकेलच्या बाजूने

हिमालयात जाणाऱ्यांना मी आता रॉकेलचा स्टोव्ह न्यायला सांगतो. पूर्वी मी गॅसचा कट्टर पुरस्कर्ता होतो. रॉकेल म्हणजे वास, काजळी, काकडा पेटवून बर्नर तापवण्याची खटपट आणि दर दोन दिवसांनी पिन मारणं. त्यापुढे कॅनिस्टर किती सुटसुटीत! राजगडावर, हरिश्चंद्रगडावर त्याने कधी दगा दिला नाही. आजही सह्याद्रीत मी तोच नेतो.

मत फिरवलं ते लडाखच्या थंडीने. पहाटे कॅनिस्टर हलवला की आत गॅस डुचमळताना ऐकू यायचा, पण बर्नरवर ज्योत धरत नव्हती. कॅनिस्टरमधला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो द्रवच राहतो. वाफ नाही, म्हणून दाब नाही. शिवाय वाफ होताना तो स्वतःलाच गार करत जातो, त्यामुळे पारा शून्याच्या थोडा वर असला तरी आच मंदावते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पण त्याचा दाब एवढा की पातळ पत्र्याच्या डब्यात तो थोडाच मिसळता येतो. आणि जळताना आधी संपतो तोच. अर्धा वापरलेला कॅनिस्टर कडाक्याच्या पहाटे का रुसतो, ते हे कळल्यावर उमगलं.

रॉकेलला दाब आपण हाताने देतो, पंप मारून. थंडीचा तिथे संबंधच नाही. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस याच तत्त्वावर चालतो. अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत तो होता, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही. उंचावर पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, त्यामुळे स्टोव्ह अडला तर नुसता चहाच नाही, पिण्याचं पाणीही अडतं.

पेट्रोलवरचे स्टोव्ह लवकर तापतात, हे खरं. पण पेट्रोलची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही ठिणगीला पेट घेते. सांडलेलं गार रॉकेल तसं भडकत नाही. तंबूच्या कापडाजवळ मला हा फरक फार मोठा वाटतो. बंद तंबूत मात्र यातलं काहीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विमानात कुठलंच इंधन चालत नाही. स्टोव्ह रिकामा करून, धुऊन, वास जाईपर्यंत सुकवून न्यावा. रॉकेल तिथे पोचल्यावर घ्यावं आणि भरण्याआधी फडक्यातून गाळावं.