जिल्ह्याचा टायसन

परवा दुपारी व्हॉट्सॲपवर एक प्रेसनोट आली. 'विदर्भात प्रथमच इंटरनॅशनल प्रोफेशनल बॉक्सिंग फाइट नाइट.' सोबत पोस्टर. पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो उद्घाटकाचा, त्याखालोखाल आयोजकाचा, मग तीन प्रायोजक. आणि तळाशी, पासपोर्ट साइजमध्ये, ज्यांना रिंगमध्ये मार खायचा आहे ते दोघं. बातमी तयारच होती, मथळ्यासकट. खाली ओळ : 'भाऊ, पाव पान जाहिरात देतो, बातमी जरा मोठी लावा.'

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मला बावीस वर्षं झाली. अशा प्रेसनोटा रोज पडतात. दूध संघ, कोचिंग क्लास, हळदीकुंकू, सगळ्यांच्या. पण ही उघडून बसलो, कारण अशीच एक मी 2019 च्या जानेवारीत लावली होती. जशीच्या तशी. उलट माझ्याकडून एक मथळा चिकटवला होता : 'जिल्ह्याचा टायसन रिंगमध्ये'.

तो पोरगा आमच्याच गावचा. नाव लिहीत नाही. अकोल्याकडे बॉक्सिंगची बऱ्यापैकी परंपरा आहे, तिकडच्या एका मास्तरांकडे तो शिकला. शालेय राज्य स्पर्धेत पदक मिळालं, पुढे नोकरीच्या कोट्यात काही जमलं नाही. तेव्हा विजेंदर सिंगची हवा होती. बीजिंगचं कांस्य मिळवलेला माणूस 2015 मध्ये प्रोफेशनल झाला, ऑगस्ट 2017 मध्ये वरळीच्या डोममध्ये त्यानं चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवलं. डोकलामचा तणाव चालू होता, त्यामुळे ती लढत दोन बॉक्सरांची राहिलीच नाही, भारत विरुद्ध चीन झाली. तिकिटांना, चॅनेलांना ते बरंच होतं. जिंकल्यावर विजेंदरच म्हणाला की शांततेसाठी हा पट्टा मी त्याला परत देतो. ज्या रागावर सगळा कार्यक्रम विकला, त्यातली हवाच त्यानं काढली. मला तो माणूस त्या दिवशी आवडला. असो.

आमच्या पोरानं तो सामना मोबाइलवर शंभर वेळा बघितला असेल. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आयोजकाचा त्याला फोन आला. बारा दिवसांवर फाइट, पंधरा हजार मानधन. अट एकच : तीनशेची साठ तिकिटं त्यानं स्वतः खपवायची. पोरगा तालमीतल्या मित्रांकडे, मामाकडे, किराणा दुकानात हिंडला. एक्केचाळीस गेली. उरलेल्या एकोणीसचे 5,700 मानधनातून कापले. हातात आले 9,300.

ही तिकिटांची गोष्ट आपल्याकडचीच गावठी युक्ती आहे असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, बॉक्सिंगची माहेरघरं म्हणवणाऱ्या इंग्लंडातल्या छोट्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं हेच चालतं. घरच्या बॉक्सरनं तिकिटं खपवायची, त्याच पैशातून समोरच्याची बिदागी निघते. आणि समोर कोण? तर हरण्यासाठी बोलावलेला, जर्नीमन. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 2008 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 300 लढती होत्या आणि त्यातल्या 256 हरलेल्या. पण तो बाप माणूस होता. आपण कशासाठी आलोय हे त्याला माहीत होतं. मार कसा चुकवायचा, डोकं कसं वाचवायचं, पुढच्या आठवड्यात परत उभं कसं राहायचं, हे त्याचं कसब होतं, त्यावर त्याचं घर चालायचं.

आमच्या पोराला आपण कशासाठी आलोय हेच कुणी सांगितलं नव्हतं. तो घरचा नव्हता, पाहुणा होता, तरी तिकिटं त्याच्याच गळ्यात. समोरचा वजनानं पाचेक किलो जड आणि सात लढती जिंकलेला. ही माहिती बॉक्सरेक नावाच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत मिळते. मी ती शोधली, पण सामना झाल्यानंतर.

दुसऱ्या राउंडला पोरगा पडला. उठला, परत पडला. डॉक्टर म्हणून जो होता त्यानं बीपी तपासलं आणि पाठीवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी तो पडतानाचा व्हिडिओ टिकटॉकवर, मागे कार्टूनचा आवाज. आयोजकाच्या पेजवर तोच, 'काय नॉकआउट!' असं लिहून. चौथ्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली. हातात आमचाच अंक. 'भाऊ, तुम्ही टायसन काऊन लिहिलं?' एवढंच विचारलं. भांडायला आली नव्हती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा मागवला. तिनं घेतला नाही.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जोड लावताना पंच दोघांना शेजारी उभं करतात, वजन, वय, वकूब बघतात. जोड बरोबरीची नसेल तर पब्लिकच ओरडतं. नुरा कुस्ती असेल तर पहिल्या पाच मिनिटांत शिट्ट्या सुरू होतात. तिथंही लबाडी आहे, नाही असं नाही, फ्लेक्सवर तिथंही पुढारीच मोठे. पण जोड सगळ्या गावासमोर लागते. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये ती प्रमोटरच्या खोलीत लागते.

वरच्या पातळीवर तेच, फक्त आकडे मोठे. मेवेदर-पॅक्वियाओ लढत लोकांनी पाच वर्षांहून जास्त मागितली. प्रमोटर वेगळे, चॅनेल वेगळे. अखेर 2015 च्या मेमध्ये झाली. अमेरिकेत घरी बघायचे जवळपास 100 डॉलर, आणि तरी 46 लाख घरांनी पैसे भरले. लढत निघाली बेचव. प्रमोटर मंडळींनी यातून धडा घेतला तो असा की मोजक्या गिऱ्हाइकांना जास्त पिळा. नवा प्रेक्षक कुठून येणार याची फिकीर नाही. 2018 मध्ये एचबीओनं बॉक्सिंग सोडलं, 2023 मध्ये शोटाइमनं. जगज्जेतेपदाचे पट्टे चार, प्रत्येक वजनात चार चार चॅम्पियन. रस्त्यावरच्या माणसाला एक नाव विचारा, तो अजून टायसनच म्हणतो.

म्हणून टायसनलाच परत आणलं. नोव्हेंबर 2024, वय 58, समोर 27 वर्षांचा यूट्यूबवाला जेक पॉल. दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड. आपल्याकडे शनिवार सकाळ होती. मी चहाच्या टपरीवर, आणि शेजारी तोच आमचा पोरगा. आता तो एमआयडीसीत फोर्कलिफ्ट चालवतो, नाइट करून आला होता. त्याच्याच मोबाइलवर बघितलं. मधेच चक्र फिरत राहायचं. जगभर अडकत होतं म्हणे. टायसन दोन राउंड टायसनसारखा दिसला, मग थकलेला म्हातारा. नेटफ्लिक्सनं नंतर सांगितलं, 6 कोटी घरांत बघितलं गेलं.

त्याच कार्डवर आपला नीरज गोयत होता, हरियाणाचा, वर्षानुवर्षं प्रोफेशनल खेळलेला. आणि समोर कोण ठेवला? ब्राझीलचा विनोदवीर, व्हिंडरसन नुनिस. नीरज जिंकला. इतक्या वर्षांच्या मेहनतीत एवढं मोठं व्यासपीठ मिळालं ते एका कॉमेडियनला हरवायला. पोरगा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, 'दादा, त्याले किती भेटले असतील?'

पण एक कबूल करायला पाहिजे, नाहीतर माझाच लेख प्रेसनोट होईल. त्याच तमाशाच्या पोटात केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची लढत होती. रात्रीची सगळ्यात अस्सल. सेरानोच्या भुवईतून रक्त वाहतंय आणि ती पुढंच येतेय. तिन्ही पंचांकडे 95-94, टेलर जिंकली, आणि निकालावरून लोक अजून भांडतात. ज्यांनी बायकांचं बॉक्सिंग जन्मात बघितलं नव्हतं त्या कोट्यवधींनी ते बघितलं, आणि त्यांना तिथं आणलं त्या यूट्यूबवाल्यानंच. पुढं 2025 च्या जुलैत दोघींची तिसरी लढत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली, सगळं कार्ड बायकांचं. म्हणजे गाजावाजा करणं हे पाप नाही. माझा आक्षेप आहे तो आपण काय विकतोय हे रिंगमधल्या माणसापासून लपवण्यावर.

अमेरिकेत निदान कायदा आहे. 2000 मध्ये मुहम्मद अलीच्या नावानं केलेला. लढतीतून किती पैसा येतो ते प्रमोटरनं बॉक्सरला दाखवलं पाहिजे, आणि प्रमोटर-मॅनेजर यांचं साटंलोटं चालणार नाही. पळवाटा आहेतच. पण कागदावर तरी आहे. आपल्या तालुक्यात त्या कागदाच्या जागी माझी बातमी असते, पाव पान जाहिरातीसोबत.

तर परवाच्या त्या प्रेसनोटीला मी उत्तर पाठवलं. बातमी लावतो, तीन गोष्टी कळवा : दोन्ही बॉक्सरांचं वजन आणि आधीच्या लढती, रिंगपाशी डॉक्टर कोण आणि ॲम्ब्युलन्स आहे का, दोघांना मानधन किती आणि त्यातून तिकिटं कापणार का.

दोन निळ्या टिका आल्या. संध्याकाळी जाहिरात विभागातून फोन, 'काय झालं हो, पार्टी नाराज आहे.' म्हटलं, काही नाही, वजन विचारलं.

आज सकाळी तीच बातमी दुसऱ्या दोन पेपरांत आहे, फोटोसकट. तळातल्या त्या दोघांपैकी डावीकडचा पोरगा एकोणीस-वीसचा दिसतो. त्याचं गाव छापलंय. आमच्यापासून चाळीस किलोमीटर. उद्या सुट्टी आहे, जाऊन येतो.