बर्फ पडण्याआधी

कॅनडात ऑक्टोबर लागला की घरोघरी हिवाळ्याची तयारी सुरू होते. बागेच्या नळाचे पाणी आतून बंद करायचे, मोटारीला हिवाळी टायर चढवायचे, तळघरातून जाड कोट काढून उन्हात टाकायचे. टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरात येऊन आम्हाला चौदा वर्षे झाली. ही कामे आता अंगवळणी पडली आहेत. आमच्या घरी मात्र या यादीत आणखी एक काम असते. परसातली रेल्वे बर्फासाठी तयार करायची!

ही रेल्वे माझ्या सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना अब्बा म्हणतो. त्यांची अख्खी नोकरी नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांवर गेली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १९०७ मध्ये सुरू झालेली ही लाइन. दोन फुटांचे रूळ आणि सुमारे २१ किलोमीटरचा घाट. अब्बा तिथे ट्रॅकमन होते. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असायची, पण यांना सुट्टी नसायची. दरड बाजूला करा, गटारे मोकळी करा, खडी भरा. २००५च्या जुलैमध्ये पावसाने लाइन अशी उखडली की गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडले. ते दिवस अब्बा आजही तारखेनिशी सांगतात.

अम्मींच्या इंतकालनंतर, सहा वर्षांपूर्वी, ते नेरळचे घर बंद करून आमच्याकडे आले. खोली ऊबदार होती, औषधे वेळेवर मिळत होती, तरी दिवसभर खिडकीशी बसून असत. "इथं मी करायचं काय?" एवढेच विचारत. त्याच सुमारास शेजारचे एक म्हातारे गृहस्थ घर विकून निघाले. त्यांच्या गॅरेजमधली दोन जड खोकी त्यांनी अब्बांना दिली. आत इंजिन, चार डबे आणि पितळी रूळ. जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणलेली ही बागेतली रेल्वे. रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर, आणि ऊन-पावसात बाहेरच ठेवायची असे तिचे काम. अब्बांनी एक रूळ हातात घेतला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीशी बसले नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत परसात तीस मीटरचा फेरा झाला. एक लाकडी पूल, एक बोगदा, आणि पाटीवर मराठीत लिहिलेले 'नेरळ'.

यंदा मात्र त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जमिनीवर बसायची मनाई केली. नमाजही आता खुर्चीवर. माझ्या नवऱ्याने एका रात्री जेवताना विषय काढला. "अब्बा, यंदा सगळं उचलून विकून टाकू. थंडीत वाकायचं नाही तुम्हाला." बोलणे काळजीपोटीच होते. अब्बा "जशी तुमची मर्जी" म्हणाले आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

तेव्हा माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी करतो ना. दादाजान सांगतील तसं." नवऱ्याने त्याला दोन शनिवारांची मुदत दिली. जमले तर ठेवू, नाही तर विकू.

अडचण एकच होती. काय करायचे ते सारे अब्बांच्या वहीत होते, आणि वही मराठीत. आमचा मुलगा मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. त्यामुळे अब्बा अंगणात शाल पांघरून खुर्चीवर, मांडीवर वही, आणि नातू समोर गुडघ्यांवर. एक ओळ अब्बांनी वाचायची, त्याने अक्षरे लावून परत वाचायची, मग काम.

पहिली ओळ : 'पाने काढणे.' मेपलची पाने ओली झाली की स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. सूचिपर्णी झाडाच्या सुया सांध्यात अडकल्या तर सांधा बदलत नाही. दाताळ्याने रूळ हलतात, म्हणून हे काम हाताने आणि जुन्या ब्रशने.

दुसरी ओळ : 'पाणी वाट काढते का पाहणे.' पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. आमच्या भागातली माती चिकण आहे, पाणी सोडत नाही. ती गोठली की फुगून रूळ वर उचलते. म्हणून इथे घराचा पाया १.२ मीटर खोल घालतात. खेळण्याच्या गाडीसाठी एवढे कोण खणणार? त्यापेक्षा खाली कोपरेदार बारीक खडी घालायची. गोल गोटे घसरतात, कोपऱ्यांची खडी एकमेकांत अडकून बसते आणि पाणीही खाली सोडते. रूळ तिच्यावर नुसते टेकलेले असतात, कुठे ठोकलेले नसतात. जमीन वर आली तर तेही वर येतील, वसंतात ती बसली की खडी भरून सारखे करायचे. "दुश्मन एकच, पाणी," अब्बा म्हणाले. "तिथं वाहून न्यायचं, इथं गोठून उचलतं."

तिसरी ओळ मुलाला कठीण गेली : 'जोड ढिले ठेवणे.' त्याने एका जोडाचे स्क्रू चांगले आवळले होते. अब्बांनी ते सोडायला लावले. उन्हाळ्यातल्या ३५ अंशांपासून हिवाळ्यातल्या उणे २५ पर्यंत तापमान साठ अंशांनी बदलते. तेवढ्यात तीस मीटर पितळ तीन सेंटिमीटरहून जास्त कमी-जास्त होते. जोडांत फट नसेल तर रूळ वाकतो, नाही तर जोड निखळतो. "घट्ट धरलं म्हणजे टिकतं असं नाही रे बाळा," एवढे म्हणून त्यांनी पान उलटले.

पुढची ओळ आत न्यायच्या वस्तूंची. इंजिन, डबे, वीज देणारा डबा, सांध्यांच्या मोटारी, स्टेशनची इमारत आणि लाकडी पूल. रूळ मात्र बाहेरच. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना बारीक तारेची जाळी, नाही तर चिपमंक नावाच्या छोट्या खारी आत हिवाळ्याची बेगमी करतात. बुटक्या स्प्रूसच्या झाडांना बोचऱ्या वाऱ्याकडून गोणपाटाचा आडोसा. आणि फेऱ्याभोवती हातभर उंचीच्या लाल काठ्या, म्हणजे बर्फाखाली रूळ कुठे आहे ते कळते आणि वाट साफ करताना फावड्याचा ढीग त्यावर पडत नाही. वाटेवर टाकायचे मीठही या बाजूला टाकायचे नाही, ते धातू खाते आणि झाडेही मारते.

दुसऱ्या शनिवारी मगरिबच्या आधी अब्बा तपासणीला उठले. एका हातात काठी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर. नोकरीत हातोडीने ठोकून पाहायचे तसे ते प्रत्येक जोडाला काठीचे टोक हळूच लावत गेले. दोन ठिकाणी खडी पुन्हा भरायला लावली. मग वही त्याच्या हातात दिली. त्याने पेन्सिलने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आयुष्यातली पहिली मराठी ओळ लिहिली : 'जोड ढिले ठेवले.' काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी होत्या. नवऱ्याने ती वाचली आणि विकायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आई-वडील मुलांकडे राहायला येतात, मुंबईत, पुण्यात, आखातात किंवा इथे. आपण त्यांना जपतो. थंडी लागू देत नाही, जड उचलू देत नाही, आणि जपता जपता त्यांच्या हातातले काम काढून घेतो. ज्याने हयातभर लोकांच्या जिवाची जबाबदारी रुळावर सांभाळली, त्याला आपण रिमोट देतो आणि आराम करा म्हणतो. गुडघे थकले म्हणून माहिती थकत नाही. तुमच्या घरातल्या बुजुर्गांना काय येते ते एकदा विचारून पाहा. शेती असेल, शिवण असेल, लोणच्याचा मसाला असेल. मग एखादे मूल त्यांच्यासमोर बसवा आणि आपण जरा बाजूला व्हा.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. बोटभर आणि भुसभुशीत. इंजिनापुढे पत्र्याचे नांगरासारखे पाते लावून दोघांनी एक फेरी मारली. थंडीतून आत आणलेल्या इंजिनावर चष्म्यासारखे दव धरते, म्हणून ते आधी गॅरेजमध्ये ठेवून मग पुसायचे, हेही नातवाला आता ठाऊक आहे. वहीत पुढच्या पानावर अब्बांनी एप्रिलची कामे लिहायला घेतली आहेत. अक्षर यंदा मोठे आणि सुटे आहे, वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून.