देवणीची ऐट

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीत पूर्वी नवं कापड आधी बैलासाठी यायचं, माणसासाठी नंतर. पोळा श्रावणातल्या अमावस्येला आणि दिवाळी त्यानंतर दोन महिन्यांनी. त्यामुळं पेरणीनंतरची पहिली हौसेची खरेदी म्हणजे झूल, गोंडे, घुंगुरमाळा, नवी वेसण, नवा कासरा. घरातल्या पोरांना दिवाळीला एकाच ताग्यातून कापलेले सदरे मिळत आणि सगळी भावंडं एकसारखी दिसत. बैलाची झूल मात्र दुसऱ्या कुणासारखी चालत नसे. आरसे कुठं लावायचे, कवड्यांची ओळ किती रुंद घ्यायची, किनारीला लाल दोरा की जांभळा, याचा विचार महिनाभर आधी सुरू व्हायचा. लग्नाच्या शालूसाठी एवढा खल झालेला मी आमच्या घरात पाहिला नाही.

प्रवास, करमणूक आणि कपडालत्ता या तिन्ही हौसा आज वेगवेगळ्या झाल्या आहेत. प्रत्येकीचं दुकान वेगळं, खर्च वेगळा. देवणीसारख्या गावात त्या तिन्ही एकाच खुंट्याला बांधलेल्या होत्या आणि त्या खुंट्याला बैल होता. आजच्या पिढीला हे सांगितलं तर ती ऐकून घेते, पण तिला ते दिसत नाही. म्हणून जरा तपशिलात लिहितो.

गावाचं नाव लावणारी गुरांची जात देशात थोड्याच गावांना लाभली. देवणी त्यातली. गीर, डांगी आणि आमच्या डोंगराळ भागातली गावरान गुरं यांच्या संकरातून ही जात घडली, असं जाणकार सांगतात. जुनी माणसं तिला डोंगरपट्टी म्हणत. तिचे तीन प्रकार. सर्वांगानं पांढरा तो बाळंक्या. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे विखुरलेला, तो शेवरा. पुढं आलेलं रुंद कपाळ, लोंबते कान, लोंबती पोळी, बांधेसूद वशिंड. ओढकामाला दमदार आणि गाय दुधालाही बरी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यानं लालकंधारी दिली, आम्ही देवणी दिली. मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात एवढ्या जवळजवळ दोन नामांकित जाती व्हाव्यात, याचा अभिमान आम्ही उघडपणे बाळगावा असाच आहे.

शौकी माणसाची खरी परीक्षा जोडी जुळवण्यात. एक बैल घरचा असला तरी त्याला जोडीदार हवा. उंची तीच, शिंगांची ठेवण तीच, चाल तीच आणि वानेरा असेल तर तोंडावरचा काळा भागही मिळताजुळता. त्यासाठी माणसं बाजार पालथे घालत. उदगीर, हाळी-हंडरगुळी, सीमेपलीकडं भालकी, बिदर आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या बहुतेकांनी जे काही जग पाहिलं ते बैलाच्या निमित्तानंच. माळेगावला जायचं म्हणजे वाटेत मुक्काम, झाडाखाली दगडांची चूल, भाकरी-ठेच्याची शिदोरी आणि रात्री गुरांपाशी घोंगडी अंथरून झोपणं. तिथं गुरं होती, घोडे होते, गाढवं होती, उंटही होते. रात्री तमाशाचे फड लागत. व्यवहार रुमालाखाली. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटं दाबून भाव करायचे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला अशी दातांवरून वयाची पायरी ठरे. पोरांना हा हिशेब शाळेतल्या पाढ्यांच्या आधी यायचा.

आणि मग जोडी घेऊन गावात यायचं. हा प्रवेश बघण्यासारखा असे. वेशीबाहेर थांबून बैलांना पाणी दाखवायचं, अंग पुसायचं, घुंगुरमाळा घालायच्या आणि मगच आत शिरायचं. माणसाचं धोतर धुळीनं तांबडं झालेलं असलं तरी चालायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, हात जोडून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. शिंगं तासून गुळगुळीत करायची, त्यावर हिंगूळ, वर बेगड. पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, पायांत तोडे, अंगावर गेरूचे ठसे. वानेऱ्यावर ठसे कमी काढत, कारण त्याचा स्वतःचा रंगच एवढा ठसठशीत. बाळंक्याचं पांढरं अंग मात्र मनसोक्त रंगवायला मिळे. कुठल्या रंगावर काय खुलतं याची ही समज कुठल्या शाळेत शिकवलेली नव्हती. मारुतीच्या देवळापुढं मंगलाष्टकं व्हायची, तोरण तुटायचं आणि बायका दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या असायच्या. सीमेपलीकडं कर्नाटकात हीच हौस ज्येष्ठ पौर्णिमेला, कारहुणवीला होते. तिकडचे पाहुणे पोळ्याला आमच्याकडं यायचे आणि आमची माणसं कारहुणवीला तिकडं जायची. दोन्हीकडच्या झुलींची नक्कल दोन्हीकडं व्हायची.

जनावराच्या निमित्तानं नटणं दूरदेशीही चालतं, असं मध्यंतरी वाचलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप नावाची घोड्यांची शर्यत होते. १८६१ पासून ती चालू आहे आणि त्या दिवशी शहराला सुट्टी असते. १९६२ पासून तिथं मैदानावरच वेशभूषेची स्पर्धाही भरते. बायका-पुरुष ठेवणीतले कपडे आणि टोप्या घालून येतात. १९६५ मध्ये याच मैदानावर, कपच्या आधीच्या डर्बीच्या दिवशी, जीन श्रिम्प्टन ही इंग्रज मॉडेल टोपी, हातमोजे न घालता गुडघ्यावरच्या आखूड झग्यात आली आणि त्या एका झग्यावर तिकडची वर्तमानपत्रं कितीतरी दिवस बोलत राहिली. मला हे वाचताना आमची जत्रा आठवली. जनावराभोवती गाव जमतं, सुट्टी पडते, माणसं नटतात, हे जगभर सारखंच. फरक एवढा की तिथं घोड्याच्या निमित्तानं माणूस नटला आणि आमच्याकडं माणसानं आपली हौस बैलाच्या अंगावर पुरवून घेतली. मला आमची तऱ्हा अधिक मोठ्या मनाची वाटते.

माणसांच्या कपड्यांत हौस नव्हती असं नाही. तिची दिशा हैदराबादकडं होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, तरी १९५६ पर्यंत आमचा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता आणि राजधानी हैदराबादच होती. लग्नाच्या बांगड्या चारमिनारजवळच्या लाड बाजारातून, मोतीही तिथलेच. लाखेच्या बांगड्यांवर बारीक खडे बसवलेले असत, आजीनं त्या जन्मभर कापसात गुंडाळून ठेवल्या. लुगडी इरकल, इलकलहून येणारी, लाल पदराची. पुरुषांना धोतर, बंडी, डोक्याला पटका. बऱ्यापैकी ऐपतीचे शेरवानीही शिवून घेत. उदगीरला रेल्वे होती, बिदर-विकाराबादमार्गे हैदराबाद गाठता यायचं. उदगीरपर्यंतचा प्रवास मात्र बैलगाडीतून. पाहुणेमंडळी असतील तर छत असलेली दमणी, आत गादी, तक्क्या, बाजूला पडदा. तरण्याताठ्यांसाठी हलका छकडा. वऱ्हाड निघालं की छकड्यांची शर्यत लागायची आणि नवरीच्या गावाच्या वेशीत कुणाची जोडी आधी शिरली याची चर्चा जेवणाच्या पंगतीपर्यंत पुरायची.

सिनेमा आला तोही जत्रेतूनच. तंबूत मधोमध पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मागच्या बाजूचं तिकीट स्वस्त. तिथून चित्र उलटं दिसे, नायक डाव्या हातानं तलवार चालवायचा. १९७३ च्या ‘बॉबी’नंतर उदगीरच्या शिंप्यांकडं ठिपक्यांच्या कापडाची मागणी आली, पाठोपाठ टेरिकॉट आणि बेलबॉटम. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ला बायका गाड्या जुंपून सहकुटुंब गेल्या. आणि इथंच काटा फिरला असं मला वाटतं. पडद्यावरच्या माणसासारखं दिसावं ही इच्छा पहिल्यांदाच एवढ्या जोरानं गावात आली. तोवर माणसं आपल्या बैलासारखं दिसण्याचा विचार करत नव्हती, बैल चांगला दिसला की आपणही चांगले दिसलो असं धरून चालत होती.

पुढचं सगळं भरभर झालं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, १९९९ मध्ये देवणी तालुका. एसटीनं उदगीर, निलंगा, लातूर हाकेच्या अंतरावर आणलं. खरेदी हैदराबादवरून लातूरच्या गंजगोलाईत आली आणि तिथून पुण्यात गेली. ट्रॅक्टर आले. पण बैल घटले ते केवळ ट्रॅक्टरमुळं नाही, हे नीट सांगायला हवं. आमच्या भागात सोयाबीन पसरलं आणि ज्वारी आकसली. ज्वारी म्हणजे नुसतं धान्य नव्हतं, कडबाही होता. सोयाबीनच्या काढणीनंतर बैलाच्या दावणीला कडब्यासारखं काही उरत नाही. वाटण्या होऊन रानं तुकड्या-तुकड्यांची झाली, तीन एकरांवर जोडी पोसणं परवडेना. दुधासाठी जर्सी आणि होलस्टीन आल्या. वर दुष्काळ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं माणसांना घागर मोजून मिळत होती तिथं खुंट्यावरच्या जोडीचं काय झालं असेल, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आजची देवणी पाहिली तर ऐट संपलेली नाही. तिनं जागा बदलली. पोरं लग्नाआधी फोटो काढायला कुठं कुठं जातात, हळदीला सगळी पिवळ्यात असतात, वर ड्रोन फिरत असतो. हे मला खटकत नाही. रितेश देशमुखच्या २०१४ च्या ‘लय भारी’नं आमच्या बोलीतले दोन शब्द राज्यभर नेले, २०१६ च्या ‘सैराट’नं खेड्यातल्या पोरीला बुलेटवर बसवलं. गावाकडचं दिसणं लाजेचं राहिलं नाही, हा मोठाच बदल आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि ज्यांनी माहेर-सासर सोडून दुसरं गाव पाहिलं नव्हतं अशा बायका तुळजापूर, पंढरपूर, शेगाव करू लागल्या. आमच्या आजीला दमणीच्या पडद्याआडून जेवढं जग दिसलं त्यापेक्षा तिच्या नातसुनेनं खिडकीतून कितीतरी जास्त पाहिलं. तेव्हाचं सगळं चांगलं आणि आताचं सगळं वाईट असं मी म्हणणार नाही, ते खरंही नाही. पडदा गेला हे उत्तम झालं.

गेलं ते वेगळंच आहे. पूर्वीची हौस स्वतःपलीकडच्या जिवावर खर्च व्हायची. ज्याच्या कष्टावर घर चाललं त्याला आधी नटवायचं, मग आपण. ती सवय गेली याची मला मनापासून खंत आहे. आणि ही खंत माझी एकट्याची नाही, याचा पुरावा मोबाइलमध्ये दिसतो. आमच्याकडची विशी-पंचविशीतली पोरं वानेऱ्याचे, शेवऱ्याचे व्हिडिओ टाकतात. जोडी धुताना, शिंगं घासताना, हलगीवर चालताना. बघणारे पुण्यात, हैदराबादेत, कुणी सिडनीत. नुसत्या हौसेपायी लाखाच्या वर मोजून जोडी घेणारे अजून आहेत. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, त्यानं त्यांना आणखी बळ आलं. मला शर्यतीपेक्षा नांगराला चालणारा बैल जवळचा वाटतो, पण जनावर दावणीला राहतंय हे महत्त्वाचं.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. बाकी महाराष्ट्राला ती फारशी ठाऊक नाही. लातूर-धाराशिव आणि बिदरच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि बिंदगीतलं गार आंबील. ओळखीचा-अनोळखी कुणीही बांधावर आला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. पूर्वी त्या दिवशी सकाळी गाड्यांची रांग शिवारात जायची, आंबिलाची बिंदगी आजीच्या मांडीत, बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. आता चारचाक्या जातात. पुण्याहून, हैदराबादहून, सवड काढून परदेशातूनही माणसं हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून येतात. सण जिवंत आहे, उलट वाढलाय.

म्हणून एवढंच मागणं. पुढच्या येळवशीला गावी येणार असाल तर आठवडाभर आधी फोन करा आणि गावात ज्याच्या दावणीला अजून देवणी जोडी आहे त्याला गाडी जुंपायला सांगा. चारचाकी घरासमोर उभी राहू द्या. पोरांना साटीवर बसवा. उतरताना त्या माणसाला दिवसाचं भाडं चोख द्या, आणि पोळ्याच्या आधी एक झूल त्याच्याकडं पाठवा.