अनुकरण आणि अध्ययन

वडगावच्या विणकर वस्तीत एखाद्या साडीच्या काठाची नक्षी बाजारात चालली, की थोड्याच दिवसांत तिची नक्कल चार मागांवर चढते. यात आम्हांस गैर वाटत नाही; दुसऱ्याचे पाहूनच मनुष्य शिकतो. परंतु सूत कोणत्या भावाने घेतले, उधारी किती आणि माल पडून राहिला तर घर कशावर चालेल, हे काठावर विणलेले नसते.

हे सांगण्याचे कारण, आमच्या तरुणांत शिरलेला आभासी चलनातील ‘कॉपी ट्रेडिंग’ नामक व्यवहार. यात एखादा नामांकित व्यापारी निवडावयाचा. तो जे घेईल वा विकेल, ते आपल्या खात्यातही रकमेच्या प्रमाणात आपोआप घडते. नफ्याचा काही हिस्सा बहुधा त्यास मिळतो. आपल्या तोट्यात मात्र तो सहसा भागीदार नसतो. अशांच्या याद्या मोठ्या आकर्षक असतात, कारण जे बुडाले त्यांची नावे तीतून गळालेली असतात.

गेल्या वर्षी एका मागवाल्याचे चिरंजीव आमच्याकडे आले. नव्या मागासाठी साठविलेली रक्कम त्यांनी अशा व्यवहारात घातली होती व तीतील निम्मी गेली होती. “वकीलसाहेब, त्याचेही तितकेच टक्के गेले, मग तो स्वस्थ कसा?” आम्ही म्हणालो, “बाबा रे, त्याने कदाचित गमावण्याजोगे तेवढेच लावले असेल; तू तर घरचा माग लावलास.”

1872 च्या करार कायद्याप्रमाणे प्रतिनिधीने कौशल्य व दक्षता राखावी लागते (कलम 212), आणि धन्याने मागताच हिशेब द्यावा लागतो (कलम 213). येथे मात्र विश्वास प्रतिनिधीवर टाकावा तितका टाकला जातो, आणि प्रतिनिधी बहुधा नेमलेलाच नसतो! त्यातच 2022 च्या वित्त अधिनियमाने अशा नफ्यावर 30 टक्के कर बसविला व एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. सबब वर्षाअखेर एकंदरीत तोटा होऊनही कर भरण्याची पाळी येऊ शकते.

मंगाई देवीच्या यात्रेच्या वर्गणीचा पैन् पैचा हिशेब मागणारी आपण मंडळी! तीच चिकित्सा येथे का सोडावी? कोणाचे पाहून शिकावयाचेच असेल, तर सहा महिने पैसा न लावता वही घालावी. त्याने काय घेतले, का घेतले असावे, स्वतःच्या पुंजीचा कितवा भाग लावला, किती तोट्यावर तो बाहेर पडला, हे रोज टिपावे. ज्या व्यवहाराचे कारण आपणांस लिहिता येत नाही, तो आपण शिकलो नाही, केवळ गिरविला.

त्या तरुणाने उरलेली रक्कम काढून घेतली आहे. तीत नवा माग येत नाही. वापरलेला एखादा मिळतो का, याच्या चौकशीत तो सध्या आहे.